सिलॅबस कोण लिहितो?

जून-जुलै आला की माझा फोन जरा जास्तच वाजायला लागतो. मावसबहीण, सोसायटीतले काका, कॉलेजच्या मित्राचा मोठा भाऊ... सगळ्यांचा प्रश्न एकच. "पोराला कुठे घालू रे? प्लेसमेंट कुठलं चांगलं?" मी आयटीत आहे म्हणजे मला हे माहीत असणारच, असा एक गोड समज असतो. प्रश्नात चूक काहीच नाही. चार वर्षं आणि आयुष्याची शिल्लक ज्यात ओतायची, तिथून शेवटी पगार निघणार की नाही हे विचारायलाच हवं.

पण या विषयावर गप्पा सुरू झाल्या की एक वाक्य हमखास येतं. "आमच्या वेळी असं नव्हतं हो. शिक्षण हे ज्ञानासाठी होतं. हा सगळा धंदा या आयटीवाल्यांनी आणला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी एकदा नीट बघायचं ठरवलं. गेले काही शनिवार-रविवार त्यातच गेले. आणि जे सापडलं ते बरोब्बर उलटं आहे मंडळी. आपल्याकडचं इंजिनिअरिंगचं शिक्षण जन्मालाच आलं ते प्लेसमेंटसाठी. आधी गिऱ्हाईक होतं, मग कॉलेज.

सुरुवात रुरकीपासून करू. १८३७-३८ साली उत्तर भारतात भयंकर दुष्काळ पडला. त्यानंतर गंगेचा कालवा काढायचं ठरलं आणि १८४२ साली खोदाई सुरू झाली. प्रॉबी कॉटली या लष्करी इंजिनिअरचं हे काम. कालवा शेकडो मैलांचा. आता एवढ्या लांबीवर पातळी मोजणारे, नकाशे काढणारे, मजुरांवर देखरेख ठेवणारे लोक आणायचे कुठून? विलायतेतून प्रत्येक माणूस आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून जेम्स थॉमसन या लेफ्टनंट गव्हर्नरने १८४७ साली कालव्याच्या शेजारीच, रुरकीला, कॉलेज काढलं. (तेच आजचं आयआयटी रुरकी.) थोडक्यात, प्रोजेक्ट साइटवर काढलेलं ट्रेनिंग सेंटर.

त्या कॉलेजची रचना बघण्यासारखी आहे. तीन वर्ग होते. पहिल्या वर्गात इंग्रजी जाणणारे भारतीय तरुण. ते सब-असिस्टंट इंजिनिअर होणार. दुसऱ्यात गोऱ्या पलटणींतले शिपाई आणि हवालदार दर्जाचे लोक. ते ओव्हरसियर होणार. तिसऱ्यात देशी भाषेत शिकणारी स्थानिक मुलं. त्यांनी मोजणी, लेव्हलिंग आणि नकाशे एवढंच शिकायचं. म्हणजे खात्याचा ऑर्गनायझेशन चार्ट घेतला आणि त्याच्या प्रत्येक चौकोनाखाली एक वर्ग भरवला. आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: देशी भाषा ही सगळ्यात खालच्या चौकोनाची भाषा होती.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढच्याच सुमारास डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खातं, म्हणजे आपलं पीडब्ल्यूडी, उभं केलं. रस्ते, पूल, धरणं, कचेऱ्या सगळं एकदम बांधायचं होतं. आणि १८५४ च्या जुलैमध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. उद्देश स्वच्छ शब्दांत सांगितलेला होता: बांधकाम खात्यातल्या दुय्यम दर्जाच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणे. आपण ज्याला अभिमानाने सीओईपी म्हणतो, त्याचा जन्म हा असा झाला. 'दुय्यम' हा शब्द कुणी चुकून घातलेला नाही, तो रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्येच होता.

मग वरिष्ठ दर्जाचे अधिकारी कुठून येणार? तर त्यासाठी थेट इंग्लंडात कॉलेज काढलं. १८७१ साली लंडनजवळ कूपर्स हिल इथे 'रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज' सुरू झालं. भारताच्या बांधकाम खात्याला इंजिनिअर पुरवणं हे त्याचं मुख्य काम. वर्षाची फी दीडशे पौंड. ती भरायची, अभ्यासक्रम पुरा करायचा आणि बोटीत बसून इकडे असिस्टंट इंजिनिअर म्हणून यायचं. आज आपण ज्याला 'कँपस टू कॉर्पोरेट' म्हणतो ते दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून चालत होतं! १९०६ साली हे कॉलेज बंद झालं. तोवर इंग्लंडातल्या इतर विद्यापीठांमधूनच पुरेसे इंजिनिअर मिळायला लागले होते. गिऱ्हाइकाची गरज संपली, दुकान बंद.

हे वाचून कुणाला वाटेल की म्हणजे ते शिक्षण टाकाऊ होतं. तसं अजिबात नाही. पुण्याच्या याच कॉलेजात (तेव्हा त्याचं नाव होतं कॉलेज ऑफ सायन्स) म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन एक मुलगा आला. १८८३ मध्ये तो परीक्षेत पहिला आला. वर येणाऱ्यांसाठी असिस्टंट इंजिनिअरची नेमणूक राखलेली असे, ती त्याला मिळाली आणि १८८४ मध्ये तो मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला, नाशिकला. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खडकवासल्याला १९०३ साली पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे बसले, ते त्यांचे. म्हणजे दुय्यम माणसं तयार करायला काढलेल्या कॉलेजातून अव्वल माणूस निघाला. पण गंमत बघा, त्यांनी १९०८ मध्ये मुदतीआधीच नोकरी सोडली. त्या खात्यात सगळ्यात वरच्या खुर्चीपर्यंत भारतीय माणूस पोचण्याची तेव्हा फारशी शक्यता नव्हती. कॉलेजने माणूस तयार केला, पण ज्या चार्टसाठी तयार केला त्यात त्याच्या उंचीचा चौकोनच नव्हता. पुढच्या वर्षी ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ मध्ये दिवाण झाले. आणि दिवाण असताना, १९१७ साली, बंगलोरला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं.

हे झालं सरकारचं. दुसरं मोठं गिऱ्हाईक होतं मुंबईच्या गिरण्या. गिरण्या भराभर वाढत होत्या. मशीनं लँकेशायरची आणि ती सांभाळणारे मास्तरही बऱ्याच ठिकाणी तिकडचेच. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झालं. हेच व्हीजेटीआय. (१९९७ पासून वीरमाता जिजाबाई.) मशीन आणि कापड हे इथले मुख्य विषय, कारण मुंबईला तेच हवं होतं.

या व्हीजेटीआयमध्ये एक तरुण मराठी शिक्षक होता. चित्रकला शिकायला म्हणून १८८५ मध्ये बेळगावकडून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला होता. डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, म्हणून रंग सोडून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळला आणि तेच शिकवायला लागला. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्याला डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. १८९७ च्या सुमारास हा गडी राजीनामा देऊन बेळगावला परतला, जिथे दोघा भावांचं सायकलचं दुकान होतं. त्यातून पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर. विश्वेश्वरय्यांची आणि यांची गोष्ट शेजारी ठेवून बघा. दोघांनाही शिक्षणाने हुन्नर दिला, दोघांनाही चार्टने अडवलं, आणि दोघांचं मोठं काम चार्ट सोडल्यावर झालं.

आता प्रश्न असा की, कुणाच्याच चार्टवर न बेतलेलं कॉलेज कुणी काढलं का? काढलं. आणि हे मला शाळेत कुणीच शिकवलं नव्हतं.

बडोदा. सयाजीराव गायकवाड तिसरे. मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ मध्ये दत्तक गेले, १८८१ च्या डिसेंबरात कारभार हाती आला. १८८७ मध्ये ते पहिल्यांदा युरोपला जाऊन आले. बडोदा कॉलेजात त्या वेळी रसायनशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक होते, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेचे. गज्जर म्हणजे परंपरेने सुतारकाम करणारा समाज. सयाजीरावांचं आणि यांचं जन्मसाल एकच, १८६३. सत्ताविशीतल्या या दोघांनी १८९० मध्ये बडोद्याला 'कलाभवन' सुरू केलं.

कलाभवनात काय शिकवायचे? यंत्रशास्त्र, वास्तुकला, विणकाम, चित्रकला आणि रंगाई. रंगाई म्हणजे कापड रंगवण्याचं रसायन. हा शेवटचा विषय का, हे समजायला जरा मागे जावं लागेल. १८५६ मध्ये इंग्लंडात पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला. १८६९ मध्ये मंजिष्ठेचा लाल रंग कारखान्यात बनवायची युक्ती सापडली. १८९७ पासून जर्मनीहून कृत्रिम नीळ बाजारात यायला लागली. आपल्याकडचा रंगारी पिढ्यान् पिढ्या मुळं, साली आणि पानं उकळून रंग काढत होता. त्याच्या पायाखालची जमीन सरकत होती आणि त्याला ते कुणी सांगतही नव्हतं. हे नवं रसायन आपल्या माणसाच्या हातात यायला हवं, तर आणि तरच तो टिकेल, हा गज्जरांचा विचार.

पण रंगाऱ्याच्या पोराला इंग्रजी कुठून येणार? म्हणून गज्जरांनी सरळ उलटा निर्णय घेतला. शिकवायचं ते देशी भाषेत, मुख्यतः गुजरातीत. रुरकी आठवा. तिथे देशी भाषा फक्त मोजणीदाराची होती. इथे रसायनशास्त्र आणि यंत्रशास्त्रच त्या भाषेत आणायचं होतं. पुस्तकं नव्हती, तर ती करून घ्यायला 'सयाजी ज्ञानमंजूषा' नावाची मालाच काढली. शास्त्रीय शब्द नव्हते, तर परिभाषेच्या कोशाचं काम हाती घेतलं. आपण आजही "मराठीतून इंजिनिअरिंग? शब्द कुठायत?" असा वाद घालतो. तो वाद १८९० मध्ये बडोद्यात एका माणसाने चालत्या वर्गात सोडवायला घेतला होता.

आणि इथे शिकायला कोण आला बघा. त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा. तोही १८८५ मध्येच जे. जे. मध्ये दाखल झाला होता, म्हणजे किर्लोस्कर आले त्याच साली. तिथून तो बडोद्याला गेला आणि कलाभवनात चित्रकला, शिल्पकाम, वास्तुकला असं बरंच काही शिकला. फोटोग्राफीचं वेड लागलं. गज्जरांनी त्याला तिथला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे तो ब्लॉक बनवणं शिकला, छपाई शिकला, रंगीत छपाईचा छापखाना चालवला, तो सोडला. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्याचा 'राजा हरिश्चंद्र' लागला.

दादासाहेब फाळक्यांच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: १८९० मध्ये 'चित्रपट दिग्दर्शक' नावाची नोकरी जगात अस्तित्वातच नव्हती. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला खेळ १८९५ चा. त्यामुळे कलाभवनच्या सिलॅबसमध्ये सिनेमा असणं शक्यच नव्हतं. पण सिनेमाला लागणारे सुटे भाग, म्हणजे चित्राची चौकट, प्रकाश, भिंगं, फिल्म धुण्याचं रसायन, सेट बांधण्यापुरती वास्तुकला, हे सगळं या माणसाने कुठे ना कुठे हाताने केलेलं होतं. ते सुटे भाग जोडायची वेळ वीस वर्षांनी आली. हे कुठल्या प्लेसमेंट रिपोर्टमध्ये बसवाल?

गज्जरांचं स्वतःचंही असंच. १८९६ मध्ये ते बडोदा सोडून मुंबईला आले. त्याच साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं होतं. डाग काही केल्या निघेना. तो शेवटी गज्जरांनी काढून दाखवला आणि त्यांचं नाव सगळीकडे झालं. (देशी माणसाने फासलेलं डांबर देशी रसायनशास्त्रज्ञाने काढलं. यावर काय बोलावं, मला सुचत नाही.) त्यांनी मुंबईत स्वतःची प्रयोगशाळा काढून तिथेही मुलं तयार केली. १९०७ मध्ये कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्याबरोबर 'अलेम्बिक केमिकल वर्क्स' उभी राहिली. ती औषध कंपनी आजही आहे.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख छान गुळगुळीत झाला असता. सरकारी कॉलेजं वाईट, कलाभवन थोर. पण ते खरं नाही. कलाभवनची एक अडचण मोठी होती आणि ती टाळून चालणार नाही. पुण्याच्या कॉलेजातून पहिल्या आलेल्या मुलासाठी खुर्ची तयार होती. कलाभवनातून शिकलेल्या मुलासाठी काय तयार होतं? हुन्नर आणि आशीर्वाद. धंदा काढायला भांडवल लागतं, बाजार लागतो, दोन वर्षं तोटा सोसायची ताकद लागते. शिकला म्हणून कारखाना आपोआप उभा राहत नाही. फाळक्यांनी पहिल्या सिनेमासाठी विमा पॉलिसी गहाण टाकली आणि घरातलं किडूकमिडूक विकलं, सरस्वतीबाईंनी रात्र रात्र जागून फिल्मचं काम केलं. प्रत्येक घराला हे झेपतं असं नाही. ज्या घरात बापाचं कर्ज आहे आणि धाकट्या बहिणीची फी भरायची आहे, तिथला मुलगा सरळ पगाराची नोकरी बघणार, आणि त्याने तीच बघावी. 'पॅशन'ची भाषणं ज्यांचं घरभाडं दुसरं कुणी भरतं त्यांनी द्यावीत.

बडोद्यालाही हे कळत असावं. १९०८ मध्ये सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा काढली. नुसतं शिकवून भागत नाही, शिकलेल्याला कर्ज देणारंही कुणीतरी लागतं. निदान मी तरी हा क्रम असा वाचतो.

त्याच साली आपल्याकडेही असाच एक प्रयत्न झाला. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभे करायची कल्पना काढली. टिळकांनी ती उचलून धरली. या 'पैसा फंडा'तून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. कारखाना तर होताच, पण ती शाळाही होती. भट्टीसमोर उभं राहून शिकायचं. तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. शिक्षण, भांडवल आणि बाजार ह्या तिन्ही गोष्टी एका कुंपणात आणायचा प्रयत्न लोकांच्या एकेका पैशावर झाला. हिंजवडीहून लोणावळ्याला निघालात की वाटेत तळेगाव लागतं. पुढच्या वेळी टोलनाक्यावर रांगेत असाल तेव्हा आठवा.

आता आपल्या काळाकडे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रात गावोगावी कॉलेजं उभी राहिली. त्याचे घोटाळे सगळ्यांना माहीत आहेत. पण माझ्या टीममधली अर्धी माणसं त्या निर्णयाशिवाय इंजिनिअर झालीच नसती, हेही खरं. मग आयटी आलं आणि गिऱ्हाईक बदललं. पीडब्ल्यूडी, गिरणी आणि आता आम्ही. माझ्या ट्रेनिंग बॅचमध्ये मेकॅनिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन, सगळ्या शाखांची पोरं होती. तीन महिन्यांत आम्हाला एक लँग्वेज, एक डेटाबेस आणि टायमशीट भरणं शिकवलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने शेवटच्या वर्षी पुलाचं डिझाइन केलं होतं. ते त्याला पुन्हा कधीच लागलं नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, त्या पगारावर त्याच्या घराचा स्लॅब पडला. पण रुरकीचा तिसरा वर्ग वाचताना मला आमचीच बॅच दिसत होती. मोजणी, लेव्हलिंग, नकाशे. एवढंच.

गिऱ्हाइकाने सिलॅबस लिहिण्यात पाप नाही. धोका एवढाच की गिऱ्हाईक बदलतं. कालवा पूर्ण होतो, कूपर्स हिल बंद होतं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये १९८२ चा संप झाला आणि त्यानंतर एकेक करत भोंगे थांबले. आणि आता कोड लिहिणारी यंत्रं आली आहेत, तेव्हा आम्हीही फार ऐटीत बोलू नये. म्हणून प्लेसमेंटचा आकडा जरूर विचारा, पण त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारा: हे गिऱ्हाईक उठून गेलं तर माझ्या हातात काय उरेल? ज्या कॉलेजात मुलांना स्वतःच्या हाताने काही तोडून-जोडून बघू देतात, जिथला एखादा मास्तर प्रयोगशाळेची किल्ली देतो, तिथे उत्तर जरा बरं मिळेल. गज्जरांनी फाळक्यांसाठी केलं ते एवढंच.

कलाभवन पुढे बदलत गेलं. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि ते त्याची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा बनलं. जुनी इमारत बडोद्यात अजून उभी आहे. तिथेही आता कंपन्या कँपसला येतात आणि पोरं शर्ट खोचून रांगेत उभी राहतात. राहू देत. पण त्यातल्या एखाद्याला तरी कुणीतरी सांगायला हवं, की या जागेत कुणाच्याही रिक्वायरमेंटशिवाय एक सिलॅबस लिहिला गेला होता.